पाळक आणि पंचांचे आत्मपरीक्षण: फॉर्मवर सगळ्यांना ४ गुण, मग खरे कळायचे कसे?

कोरेगाव_चिटणीस

सर्वांना ख्रिस्तात सलाम.

आमची मंडळी, म्हणजे आमचे चर्च, साधारण ६० कुटुंबांची. अर्धी घरे कोरेगावात, अर्धी आसपासच्या वाड्या-वस्त्यांवर. पाळकसाहेब, पंच (चर्चचे कारभारी), शब्बाथ शाळेचे म्हणजे मुलांच्या धर्मशिक्षणाच्या वर्गाचे शिक्षक आणि तरुण संघाचे पुढारी या सगळ्यांनी वर्षातून एकदा स्वतःचे मूल्यमापन करावे असे पंचकमिटीत ठरले. त्यासाठी एक फॉर्म फिरवला. ‘मी प्रार्थनाशील आहे’, ‘मी नम्रपणे सेवा करतो’, ‘मी वचनाचा अभ्यास करतो’ अशी वाक्ये आणि प्रत्येकापुढे १ ते ५ चौकटी. अकरा फॉर्म परत आले, जवळजवळ सगळीकडे ४. पाच लिहिले तर गर्व दिसतो, तीन लिहिले तर लोक काय म्हणतील, म्हणून ४.

माझे प्रश्न तीन. फॉर्ममध्ये नेमके काय विचारावे? मंडळीकडून मत घ्यायचे झाले तर इतक्या लहान मंडळीत मत देणाऱ्याचे नाव झाकले जाते कसे? आणि निघेल त्याचे पुढे काय करायचे? कमिटीतल्या काहींना हा कागद पाळकसाहेबांच्या पगारवाढीशी जोडायचा आहे.

---

निवृत्त_पाळक_वाई

चिटणीसभाऊ, सलाम. दोष फॉर्म भरणाऱ्यांचा कमी आणि प्रश्नांचा जास्त आहे. ‘प्रार्थनाशील’, ‘नम्र’, ‘विश्वासू’ ही विशेषणे. ती मोजायची पट्टी प्रत्येकाच्या खिशात वेगळी. आठवड्यातून एकदा गुडघे टेकणारा स्वतःला प्रार्थनाशील म्हणू शकतो आणि रोज पहाटे उठणाऱ्याला आपण फार कमी पडतो असे वाटू शकते. दोघेही खोटे बोलत नाहीत, पण कागदावरून तुम्हाला काही कळत नाही. हृदय सर्वांत कपटी आहे हे यिर्मया १७:९ मध्ये सांगितले आहे. ज्याच्यावर संशय आहे त्यालाच साक्षीला उभे करून कसे चालेल? आधी वहीला, घड्याळाला आणि चप्पल कुठे झिजली त्याला विचारा. हृदयाची पाळी त्यानंतर.

म्हणून विशेषण काढा, दिवस आणि आकडा घाला. ‘मी प्रार्थनाशील आहे’ याऐवजी: गेल्या १४ दिवसांपैकी किती दिवस मी एकट्याने, कोणी ऐकत नसताना, १५ मिनिटांहून जास्त प्रार्थना केली? ‘वचनाचा अभ्यास करतो’ याऐवजी: उपदेशाच्या तयारीसाठी नव्हे तर स्वतःसाठी सध्या कोणते पुस्तक वाचतो आहे आणि कितव्या अध्यायापर्यंत आलो आहे? ‘नम्र आहे’ याऐवजी दोन प्रश्न: गेल्या ३ महिन्यांत मी कोणाची क्षमा मागितली? आणि कमिटीत माझ्या मताविरुद्ध झालेला कोणता निर्णय मी कुरकुर न करता पार पाडला? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पंचांना फार जड जाते. रिकामी राहिलेली ओळही बोलते, तेव्हा ती भरायचा आग्रह करू नका.

चौदाच दिवस का? तेवढे माणसाला खरोखर आठवतात. वर्षाचे विचारले की तो मनातल्या मनात सरासरी काढतो आणि सरासरीला नेहमी चांगलेच दिवस घेतो.

फॉर्मच्या आधी प्रत्येकाने दोन आठवडे वेळेची वही ठेवावी. साधी रेघांची वही, उठल्यापासून झोपेपर्यंत दर अर्ध्या तासाला एक ओळ. प्रवास, बैठक, भेट, फोन, तयारी, घरचे काम, सगळे लिहायचे. यात तीन गोष्टी हमखास चुकतात. लोक शनिवारी रात्री सबंध आठवडा आठवून लिहितात, मग ती वही राहत नाही, निबंध होतो. ओळ त्याच दिवशी, दुपारी आणि रात्री अशी दोनदा भरावी. दुसरे, संजीवन सभांचा (विश्वास जागवणाऱ्या खास सभांचा) किंवा नाताळचा आठवडा निवडतात. साधा आठवडा घ्या. तिसरे, मोबाईल वहीत येतच नाही, कारण तो पाच-पाच मिनिटांनी खर्च होतो. त्यासाठी फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ किंवा ‘स्क्रीन टाइम’ आहे, तिथला आकडा रोज रात्री जसाच्या तसा उतरवावा.

उपदेशाचे परीक्षण स्वतंत्र करायचे. फोनवर रेकॉर्ड करावे आणि मंगळवारी ऐकावे, रविवारी संध्याकाळी नाही. दारात हात मिळवताना लोकांनी ‘छान झाले’ म्हटलेले रविवारी अजून कानात असते. ऐकताना पेन्सिल हातात घेऊन चार गोष्टी लिहायच्या: वाचलेल्या उताऱ्यावर किती मिनिटे बोललो, गोष्टी आणि दाखल्यांवर किती, ‘मी’, ‘माझे’ किती वेळा आले, आणि शेवटी लोकांनी नेमके काय करावे असे सांगितले. चौथी ओळ लिहिता आली नाही तर ऐकणाऱ्यांनाही ती सापडलेली नसते.

मग गेल्या ५२ रविवारांचे उतारे एका कागदावर ओळीने मांडा. पवित्र शास्त्रात ६६ पुस्तके आहेत. बहुतेकांच्या कागदावर त्यातली सात-आठच फिरून फिरून येतात. संदेष्ट्यांची पुस्तके कुठे गेली, याकोबाचे पत्र का टाळले, पैशाबद्दल बोललो ते फक्त दशांशाच्या, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग देण्याच्या, वेळी का, हे प्रश्न तो कागद आपण होऊन विचारतो.

ऐकणाऱ्यांनाही विचारा, पण ‘उपदेश कसा झाला?’ असे नको. बुधवारी तिघांना विचारायचे: ‘रविवारी कुठले वचन होते? काय करायला सांगितले?’ तिघांत एक शाळकरी मूल, एक वाचता न येणारी आजी आणि एक शेतातून थकून येणारा गडी असावा. बुधवारपर्यंत आजीपाशी काय उरले, ते खरे माप.

---

शब्बाथशाळा_ताई_जत

पाळकसाहेब, बाकी सगळे मान्य, आकड्यांबद्दल मात्र एक सावधगिरी सांगावीशी वाटते. दावीद राजाने शिरगणती केली ती २ शमुवेल २४ मध्ये आहे. त्याचा सेनापती यवाब नऊ महिने आणि वीस दिवस देशभर फिरला, आकडा आला आणि त्याबरोबर देवाची शिक्षाही आली. आपल्याकडे वार्षिक अहवालात हेच होते. हजेरी किती, बाप्तिस्मे किती, सभेला खुर्च्या किती लागल्या. असा आकडा पुढाऱ्याला फुगवतो, नाहीतर मोडतो.

पण लूक १५ मधला मेंढपाळही मोजतोच. त्याने मोजले नसते तर एक हरवले हे त्याला कळले नसते. फरक इतकाच की त्याची नजर ९९ वर थांबली नाही. म्हणून माझे म्हणणे असे की हजर किती ते लिहूच नका, गैरहजर कोण त्यांची नावे लिहा. आकडा नको, नाव. मंडळीच्या रजिस्टरवरून सगळ्या कुटुंबांची यादी काढा आणि दोन रकाने करा: सलग ४ रविवार कोण आले नाही, आणि गेल्या ९० दिवसांत त्यांच्याकडे कोण गेले. दुसरा रकाना रिकामा असलेली घरे लाल पेन्सिलीने खुणवा. आता त्या घरांचा पत्ता बघा. डांबरी रस्त्यापासून लांब, वस्तीवरची, विधवेची, नवऱ्याच्या दारूपायी लाजेने न येणाऱ्या बाईची अशीच घरे निघतात. भेटी कुठे झाल्या तेही बघा. चहा मिळतो, गाडी दारापर्यंत जाते आणि बोलणारा माणूस भेटतो तिथे.

त्याच यादीवर आणखी एक खूण करायची आहे, आणि ती करताना हात थरथरला तरी करावी. कोणाच्या घरी आपण जेवतो आणि कोणाच्या घरी फक्त प्रार्थना करून उठतो? प्रभुभोजनाआधी ‘माणसाने आत्मपरीक्षण करावे’ हे १ करिंथ ११:२८ आपण दर वेळी वाचतो. त्याच अध्यायात थोडे वर, २१ व्या आणि २२ व्या वचनात, प्रेषित पौल कशावर रागावला आहे? काही जण आधीच पोटभर खातात आणि गरीब उपाशी राहतात यावर. करिंथकरांचे पाप त्या मेजावरच बसलेले होते. आपल्याकडे मूळ जात विचारून सोयरीक होते, आणि पुढाऱ्याचे ताटही नकळत त्याच रेषेवर थांबते. फॉर्मवर हा प्रश्न कोणी छापत नाही.

हजेरीची तुलना करायचीच असेल तर महिन्याची मागच्या महिन्याशी करू नका, मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी करा. तासगावकडे द्राक्षांची तोडणी सुरू झाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये बाके रिकामी दिसतात. आमच्या भागातून काही कुटुंबे ऊसतोडीला जातात ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पाटण-जावळीत जुलैच्या पावसात वस्तीवरून उतरणेच होत नाही. ही विश्वासातली घसरण नव्हे. आणि कृष्णाकाठच्या मंडळ्यांनी २०१९ चा ऑगस्ट तुलनेला घेऊच नये, त्या महिन्यात पुराने घरेच पाण्यात होती.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांसाठी वेगळा कागद करा. दोनच प्रश्न पुरतात. वर्गातल्या प्रत्येक मुलाचे नाव आणि त्याच्या घरची एक गोष्ट न बघता लिहिता येते का? आणि मी कधी एखाद्या मुलाबरोबर बंद खोलीत एकटा किंवा एकटी होते का? दुसऱ्याला ‘हो’ असेल तर पुढच्याच रविवारपासून दार उघडे आणि दोन मोठी माणसे, हा नियम. मुलावर अत्याचार झाल्याचे कानावर आले तर तो आत्मपरीक्षणाचा विषय उरत नाही आणि कमिटीत मिटवायचाही नाही. पॉक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावेच लागते, माहीत असून न कळवणे हाही गुन्हा आहे. मुलांसाठीचा मदतीचा नंबर १०९८ वर्गाच्या भिंतीवर मुलांच्या उंचीला लावून ठेवा.

---

मिरजेचा_हिशेबनीस

पैशाचे प्रश्न अशा फॉर्मवर सहसा नसतात. ‘ते ऑडिटमध्ये येते’ असे म्हटले जाते. ऑडिटर पावती आणि व्हाउचर बघतो, माणसाची सवय बघत नाही. २ करिंथ ८:२०-२१ मध्ये पौल वर्गणीबद्दल लिहितो की आमच्यावर कोणी दोष ठेवू नये म्हणून आम्ही जपतो, आणि जे योग्य ते प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने करतो. त्याने पैसा एकट्याने नेला नाही, बरोबर माणसे घेतली. प्रेषिताला जे लागले ते आपल्यालाही लागेल.

क्यूआर कोडपासून सुरुवात करा. चर्चच्या दारात लावलेला तो कागद फोनने स्कॅन करा आणि कोणाचे नाव येते ते बघा. ट्रस्टच्या खात्याचे नाव आले तर ठीक. खजिनदाराचे किंवा पाळकांचे स्वतःचे नाव आले तर बाकी परीक्षण थांबवून आधी ते बदला. ‘नंतर काढून भरतो’ यात कोणी चोर असतो असे नाही, पण सहा महिन्यांनी मंडळीचे किती आणि घरचे किती हे त्या माणसालाही सांगता येत नाही. पुढे संशय आला तर त्याच्याकडे दाखवायला काही नसते.

अर्पण उपासना संपताच तिथेच मोजावे. मोजणारे दोघे, एकमेकांचे नातेवाईक नसलेले. आपल्या भागात सगळी मंडळी सोयऱ्या-धायऱ्यांची असते, म्हणून हे मुद्दाम बघावे लागते. नोटांची फोड लिहायची, ५०० च्या किती, २०० च्या किती, नाणी किती. दोघांच्या सह्या, आणि बँकेच्या पुढच्या कामाच्या दिवशी पूर्ण रक्कम भरणा. पूर्ण म्हणजे पूर्ण. भरण्याआधी त्यातून पेट्रोलचे पैसे काढून उरलेले भरणे, ही सगळ्यांत जास्त दिसणारी चूक. जमा एका ओळीत आणि खर्च दुसऱ्या ओळीत असला तरच पुढच्या माणसाला समजते.

मग प्रत्येक पुढाऱ्याने स्वतःला विचारायचे प्रश्न. मंडळीच्या पैशातून माझ्याकडे आज किती उचल आहे आणि कोणत्या तारखेपासून? गरीब निधीतून मदत मिळालेल्यांत माझे नातेवाईक किती? कोण किती देतो हे मला माहीत आहे का, आणि माहीत असेल तर माझ्या भेटी त्याप्रमाणे वळतात का? ताईंची लाल खुणांची यादी शेजारी ठेवली की शेवटचे उत्तर लगेच दिसेल. पाळकांना देणगीदारांची यादी दाखवूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मंडळी सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल तर कमिटीचे सामूहिक परीक्षण धर्मादाय कार्यालयाच्या कागदांवरून होते. ३१ मार्चला हिशेब बंद झाला का, लेखापरीक्षण अहवाल दाखल झाला का? विश्वस्त बदलले तेव्हा ९० दिवसांच्या आत फेरफार अहवाल गेला का? वारलेल्या माणसाचे नाव दहा दहा वर्षे विश्वस्त म्हणून राहते आणि भांडण लागले की तेच कागद कोर्टात येतात. चर्चच्या आवारातले गाळे ३ वर्षांहून जास्त मुदतीने भाड्याने दिले असतील, किंवा जागा विकायचे चालले असेल, तर सार्वजनिक न्यास कायद्याच्या कलम ३६ खाली आधी परवानगी लागते. ‘पंचांनी ठराव केला’ एवढ्याने होत नाही.

---

कोरेगाव_चिटणीस

ताई, हिशेबनीस साहेब, मनापासून आभार. क्यूआरचे लगेच बघतो. पण मंडळीचे मत घ्यायचा प्रश्न तसाच आहे. ६० कुटुंबांत कोणाचे अक्षर कोणाचे हे सगळ्यांना कळते. आणि पगारवाढीचे काय?

---

कृष्णाकाठ_सांगली

अक्षर ओळखू येते म्हणून लिहायला लावूच नका. छापलेली पाच विधाने, पुढे ‘हो’, ‘नाही’, ‘माहीत नाही’ अशा तीन चौकटी, फक्त खूण करायची. ‘माहीत नाही’ ही चौकट काढू नका. ‘पाळक तुमच्या घरी गेल्या ६ महिन्यांत आले का?’ याला ‘हो’ आणि ‘नाही’ निघेल. ‘घरात अडचण आली तर तुम्ही पाळकांना सांगाल का?’ याला मोठ्या संख्येने ‘माहीत नाही’ आले तर तो विश्वासाचा प्रश्न आहे आणि ‘नाही’पेक्षाही गंभीर आहे. सगळ्यांना एकाच शाईचे पेन द्या, उपासनेनंतर बाकावरच भरून घ्या, घरी नेऊ देऊ नका. घरी नेले की कुटुंबप्रमुख सगळ्यांचे भरतो. बायका आणि तरुणांना प्रत्येकी वेगळा कागद द्या. ज्यांना वाचता येत नाही त्यांना मंडळीबाहेरच्या कोणीतरी बाजूला बसून वाचून दाखवावे, पंचाच्या मुलीने नव्हे.

पेटी पाळकांच्या घरातल्या किंवा कमिटीतल्या कोणी उघडू नये. दुसऱ्या तालुक्यातला एखादा वडीलधारा पाळक बोलवा. शक्यतो दुसऱ्या पंथाचा, नात्यात नसलेला आणि बदल्या ज्याच्या हातात नाहीत असा. तो मोजून फक्त बेरजा सांगेल. तरुण संघासारख्या गटातून ५ पेक्षा कमी कागद आले तर त्या गटाची बेरीज वेगळी सांगू नये, नाहीतर ओळख पटते. सविस्तर बोलायचे असेल त्यांच्याशी तोच पाहुणा पाळक एकेकाशी २० मिनिटे बोलेल आणि नावाशिवाय मुद्दे सांगेल.

पगार आणि हा कागद वेगळे ठेवा, याबद्दल दुमत नसावे. ज्या कागदावर घरचे रेशन अवलंबून आहे त्यावर कोणी आपली दुबळी बाजू लिहिणार नाही, लिहावी अशी अपेक्षाही करू नये. पगाराचा ठराव हिशेब बंद झाल्यावर, एप्रिलमध्ये घ्या. त्यात महागाई, मुलांची फी आणि प्रवासखर्च बघा. आत्मपरीक्षण सुगीची उपकारस्तुती झाली की करा, नाताळच्या धावपळीआधी. दोन्हींत चार महिन्यांचे अंतर राहते. आणि पाळकांची बदली व्हावी म्हणून धडपडणारा गट मंडळीत असेल तर त्या वर्षी मंडळीचे मत घेऊ नका. ते मत राहत नाही, मतदान होते. आधी तो वाद बाहेरच्या माणसाकडून मिटवा.

पुढे काय करायचे ते थोडक्यात. प्रत्येकाने निघालेल्या मुद्द्यांतले दोनच घ्यावेत, तीन नकोत. कागदावर तीन ओळी: काय करणार, कोणत्या तारखेपर्यंत, आणि मला त्याबद्दल विचारणार कोण. ‘भेटी वाढवीन’ असे लिहिलेले वाया जाते. ‘लाल खुणेच्या १४ घरांपैकी दर मंगळवारी २, सात आठवड्यांत सगळी, पंच अमुक बरोबर’ असे लिहिलेले पार पडते. विचारणाऱ्याने ३० व्या, ६० व्या आणि ९० व्या दिवशी फोन करायचा. त्या तारखा त्याने आपल्याच फोनमध्ये लावून ठेवाव्यात, पाळकांनी आठवण करून द्यायची वाट बघू नये.

---

तासगावहून

एक गोष्ट राहिली म्हणून लिहितो. हे सगळे वाचून ज्याची झोप उडेल तो बहुतेक वेळा सगळ्यांत प्रामाणिक सेवक असतो, आणि ज्याला खरी गरज आहे तो निवांत असतो. हळव्या मनाच्या माणसाच्या हातात लांबलचक फॉर्म दिला की तो प्रत्येक ओळीवर स्वतःला दोषी ठरवतो. अशाने एकट्याने भरू नये, शेजारी कोणाला तरी घेऊन बसावे. प्रत्येक कमतरतेबरोबर या वर्षी देवाने त्याच्या हातून केलेली एक गोष्टही लिहावी, तारखेसह.

पौल १ करिंथ ४:३-४ मध्ये म्हणतो की मी स्वतःचाही न्याय करत नाही, माझ्या मनाला काही टोचत नाही, पण तेवढ्याने मी नीतिमान ठरत नाही, माझा न्याय करणारा प्रभू आहे. हे वचन निर्धास्त माणसाला हलवते आणि घाबरलेल्याला सावरते. १ योहान ३:२० मध्येही आपले मन आपल्याला दोषी ठरवते तेव्हा देव आपल्या मनापेक्षा थोर आहे असे आहे. दोन आठवड्यांहून जास्त झोप नाही, जेवण नाही, रडू थांबत नाही असे दिसले तर फॉर्म बाजूला ठेवा आणि डॉक्टरकडे न्या. टेली-मानस १४४१६ हा सरकारी नंबर मोफत आहे, मराठीतही बोलतात. त्यात विश्वासाची उणीव मानू नका.

---

निवृत्त_पाळक_वाई

तासगावच्या भाऊंचे अगदी बरोबर. आणि ताई, गैरहजर नावांची यादी मीही माझ्या मुद्द्यांत घेतो, हजेरीच्या आकड्यापेक्षा ती शंभर पटीने कामाची आहे.

घराबद्दल कोणी लिहिले नाही, म्हणून शमुवेल संदेष्ट्याकडे लक्ष वेधतो. १ शमुवेल १२ मध्ये तो म्हातारपणी सर्व इस्राएलापुढे उभा राहतो आणि विचारतो: मी कोणाचा बैल घेतला, कोणाचे गाढव घेतले, कोणाला फसवले, कोणाकडून लाच घेतली? लोक म्हणतात, काहीही नाही. पुढाऱ्याने स्वतःचे परीक्षण लोकांपुढे कसे करावे याचा इतका स्वच्छ नमुना शास्त्रात क्वचितच आहे. त्याने विशेषणे विचारली नाहीत, बैल आणि गाढव विचारले. पण त्याच्याच आधीच्या वचनात तो ‘माझे मुलगे तुमच्याबरोबर आहेत’ एवढेच म्हणून पुढे जातो. त्या मुलांनी बैर-शेबात लाच खाल्ली हे ८ व्या अध्यायात लिहिले आहे, आणि लोकांनी राजा मागितला तेव्हा तेच कारण पुढे केले. स्वतःच्या हाताची झडती त्याने दिली, घरापाशी मात्र त्याची यादी थांबली.

म्हणून १ तीमथ्य ३:४-५ समोर ठेवून घराचे प्रश्न घाला, पण फॉर्मवर नको. पाळकांच्या पत्नीच्या हातात कागद देऊन नवऱ्याला गुण द्यायला लावणे हा तिच्यावर अन्याय आहे. मंडळीबाहेरच्या एखाद्या जाणत्या बाईने तिच्याकडे जाऊन नुसते बसावे. गेल्या १४ दिवसांत घरातल्या सगळ्यांनी एकत्र किती वेळा जेवण केले, आठवड्यात सुट्टीचा एक दिवस खरोखर मिळतो का, घरखर्चाला पैसे पुरतात का, आणि तुम्हाला स्वतःला भीती वाटते असे काही आहे का, एवढेच विचारावे. शेवटच्या प्रश्नाला ‘हो’ आले तर ते कमिटीत वाचून दाखवायचे नाही. आधी तिला सुरक्षित कसे ठेवायचे ते बघायचे.

पगाराबद्दल एक विचार. ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि आपल्या साताऱ्यातच ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला. संसारी पाळकांनी तसेच करावे असे मी म्हणत नाही, मुलाबाळांचे पोट आहे. पण प्रत्येक पगारी सेवकाने वर्षातून एकदा वेळेची वही उघडून हा प्रश्न त्या ओळींना विचारावा: उद्या पगार थांबला तर यातल्या कोणत्या ओळी मी चालू ठेवीन? त्या ओळींखाली रेघ मारावी. रेघ न मारलेल्या ओळीही करायच्याच असतात, मात्र कोणते काम हाक म्हणून होते आणि कोणते हजेरी म्हणून, हे त्याला तरी स्पष्ट दिसेल.

---

कोरेगाव_चिटणीस

पाळकसाहेब, शेवटची शंका. भरलेले कागद कोणाकडे आणि किती दिवस ठेवायचे? कमिटीत फाईल करायचा ठराव येणार हे नक्की.

---

कृष्णाकाठ_सांगली

फाईल करू नका. दावीद राजाला त्याचे पाप दाखवायला नाथान संदेष्टा एकटा गेला होता, कागद घेऊन दरबारात उभा राहिला नव्हता. वेळेची वही आणि स्वतःचा फॉर्म ज्याचा त्याच्याकडेच राहील, कमिटीने तो बघायचाही नाही. मंडळीच्या खुणांचे कागद पाहुण्या पाळकांनी बेरजा सांगितल्यावर त्याच दिवशी जाळावेत, बेरजेचा एक कागद ठेवावा. कमिटीकडे प्रत्येकाच्या फक्त त्या तीन ओळी राहतील: काय, कधीपर्यंत, विचारणार कोण. पुढच्या वर्षी बसाल तेव्हा नवा फॉर्म काढण्याआधी त्या तीन ओळी वाचा. पैशाचे आणि न्यासाचे कागद यात मिसळू नका, ते कायद्याप्रमाणे जपायचेच आहेत. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर यातले काहीही टाकू नका, बेरजेचा फोटोसुद्धा नको. मंडळीच्या ग्रुपवर पडलेला कागद संध्याकाळपर्यंत तीन तालुक्यांत पोचतो, आणि पुढच्या वर्षी सगळे पुन्हा ४ लिहितात.